शिडीची सहावी पायरी

कप्तानांनी तोफ तिसऱ्यांदा नापास केली, त्या दिवशी नळवाले ताटावरून अर्धपोटीच उठले. पहिल्यांदा तोफेला एक नळी होती, तेव्हा कप्तान म्हणाले, दोन असाव्यात. दोन केल्या, तर म्हणाले, छे, एवढ्या कुठल्या, एकच होती. पुन्हा एक केली, तर डोळे बारीक करून आणि मान मागे नेऊन त्यांनी निकाल दिला, की तोफ मुळात इतकी पुढे नव्हतीच. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलमधून कापून, घासून, रंगवून केलेली चार सेंटिमीटरची तोफ ती. पण तिच्यापायी नळवाल्यांना घास गोड लागेना.

आता नळवाले म्हणजे काही नळ दुरुस्त करणारे नव्हेत. पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं बसून त्यांनी सगळ्या गावाच्या पाईपांचे नकाशे काढले होते आणि रेखाकार या पदावरून ते रीतसर निवृत्त झाले होते. लग्न ठरताना मुलगा काय करतो म्हणून सासऱ्यांनी विचारलं, पाणीपुरवठ्यात आहे असं कळलं, आणि सासरे म्हणाले, "म्हणजे नळवाले." झालं. त्यानंतर जावईबापू वगैरे काही नाही. नळवाले जेवले का, नळवाले आले का, नळवाल्यांना सांगा. पुढे बायकोची भावंडं तसंच म्हणू लागली, मग इमारत म्हणू लागली. आपणही तसंच म्हणू, कारण दुसऱ्या कुठल्या नावाला ते आता लवकर ओ देत नाहीत.

आणि कप्तान म्हणजे तेच सासरे. वय वर्षं चौऱ्याऐंशी. तरुणपणी सहा वर्षं एका लढाऊ गस्ती बोटीवर होते. दीड वर्षापूर्वी लेकीकडे राहायला आले, ताठ पाठीने आणि काठी टेकत जिना चढले, आणि त्या ताठ पाठीकडे बघून तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी त्यांना कप्तान करून टाकलं. आपण कप्तान होतो असं ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. नव्हतो, असंही म्हणाले नाहीत.

पहिल्या दहा महिन्यांत सासरे-जावयांचं बोलणं वर्तमानपत्र आणि गोळ्या एवढ्यापुरतंच. मग कप्तानांच्या ट्रंकेत त्या बोटीचा एक फोटो निघाला, एका बाजूने काढलेला, अंधूक, कोपरा दुमडलेला. तो बघून नळवाल्यांच्या हाताला जी खाज सुटली ती सुटलीच. हात रेखाकाराचा, वेळ निवृत्ताचा. एकास शंभर या प्रमाणात ही बोट करायची, अगदी रेलिंगच्या दांड्यासकट, असं त्यांनी बायकोला सांगितलं. आणि हेही सांगितलं, की बाकी मला काही नको. फक्त एकदा तुझ्या वडिलांनी बघून म्हणावं, हीच माझी बोट. बायको म्हणाली करा, पण गॅलरीत करा.

असल्या मॉडेलची तयार पेटी दुकानात मिळते. त्यात सगळे भाग कापलेले असतात, फक्त चिकटवायचे. पण तशी पेटी नावाजलेल्या, मोठाल्या युद्धनौकांची. आयुष्यभर किनाऱ्यापासून फार लांब न गेलेल्या या गस्ती बोटीची पेटी कोण काढणार? तेव्हा सगळं हातानेच. हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचं आणि कार्डपेपरचं अंग झालं. पुढे रेलिंगसाठी बायकोच्या केसांच्या पिना गेल्या, हवेच्या जाळ्यांसाठी चहाची गाळणी गेली, दोरखंडांसाठी शिवणाचा करडा दोरा गेला. गाळणी गेली त्या सकाळी घरात सगळ्यांनी चहा दात मिटून प्यायला. पण युद्धकाळात रसद तुटते हे नळवाल्यांनी मनोमन मान्य केलं होतं.

इमारतीतून सल्ले येऊ लागले. लहान असो की मोठा, प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, ही पाण्यावर तरंगते का? नळवाले समजावून सांगत, की ही तरंगण्यासाठी नाही, बघण्यासाठी आहे. त्यावर समोरचा माणूस अशा नजरेने बघे, की बिचाऱ्याला जमलं नसेल, चालायचंच. डॉक्टर म्हणाले, आत छोटी मोटर बसवा. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, आधी काचेचं कपाट करा आणि मग त्या मापाची बोट करा, नाहीतर धूळ बसेल. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर विचारलं, एवढी खटपट करताच आहात तर एखादी मोठी, लोकांना ऐकून माहीत असलेली नौका का करत नाही? बत्तीस वर्षं लोक नळवाल्यांना हेच विचारत आले होते, एवढं सुरेख रेखाटता, तर निसर्गचित्रं का काढत नाही, पाईप कसले काढता.

पण खरा ताप कप्तानांचा होता. रोज दुपारचा चहा झाला की नळवाले बोट ट्रेमध्ये घालून त्यांच्या खोलीत नेत आणि मानेने खूण करून निकालाची वाट बघत. रंग फार काळपट आहे, कप्तान म्हणत. उजळ केला की म्हणत, इतका पांढरा कुठे असतो, दवाखान्याची बोट आहे का? असे चार हात झाले. डोलकाठी सरळ की मागे झुकलेली, यावर एक अख्खा आठवडा गेला. फोटोत बघावं तर काठीच्या जागी नेमका दुमडलेला कोपरा. फोटो आणि साक्षीदार यांत साक्षीदार खरा मानायचा, ही नळवाल्यांची सरळ समजूत. शिवाय साक्षीदार सासरा. उलटतपासणी घेणार कशी?

शेवटी नळवाल्यांनी ठरवलं, की अस्सल नकाशाच मागवायचा. जहाजांच्या अभिलेख कार्यालयाला त्यांनी अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की सदर जहाज आपण किती नग बांधणार आहात, कोठे बांधणार आहात आणि ते समुद्र, नदी अथवा अन्य जलाशयात सोडण्याचा आपला हेतू आहे काय, हे कळवावे. नळवाल्यांनी कळवलं, नग एक, गॅलरीत, हेतू नाही. मग फॉर्म आला. त्यात रकाना होता, अर्जदाराचा जहाजाशी संबंध. नळवाल्यांनी लिहिलं, सासरे. फॉर्म परत आला. सासरे हा संबंध व्यक्तीशी असतो, जहाजाशी नव्हे, तरी नमुना क्रमांक दोन भरावा. हे वाचून नळवाल्यांना राग येण्याऐवजी आपल्या जुन्या टेबलाची आठवण झाली. अशी उत्तरं त्यांनी स्वतः कमी का धाडली होती? त्यांनी मुकाट्याने नमुना दोन भरला आणि धाडून दिला.

त्या टपालाचं उत्तर आलं तेव्हा नळवाल्यांच्या अंगठ्याला तोफ चिकटली होती. चौथी. मागे सरकवलेली. गोंद सेकंदात धरतो असं बाटलीवर लिहिलेलं असतं ते अगदी खरं आहे, फक्त काय धरतो ते लिहिलेलं नसतं. तशाच अंगठ्याने त्यांनी पोस्टमनच्या कागदावर सही केली. पोस्टमनने एकदा तोफेकडे आणि एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न बोलता जिना उतरला. हे न बोलणं नळवाल्यांना फार लागलं.

पाकिटात नकाशा नव्हता. नमुना दोन हा जहाजाचा नसून माणसाचा होता, त्यामुळे कार्यालयाने इमानेइतबारे माणसाची नोंद पाठवली होती. कप्तानांचं नाव, जन्मतारीख, बोटीचं नाव, सहा वर्षं. पद, स्टोकर. कामाची जागा, बॉयलरखोली. म्हणजे बोटीच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली, बॉयलरच्या आगीवर नजर ठेवणारा माणूस.

नळवाले खुर्चीत बसले. आठ महिने. चार तोफा, चार रंग, एक काठी, घरातली एकुलती एक गाळणी. आणि हे सगळं डेकवर कधी उभंही न राहिलेल्या माणसाच्या शब्दावर! त्यांनी कागद बायकोपुढे धरला. ती भाजी निवडत होती. कागद वाचून ती म्हणाली, बरोबर आहे, बाबा खाली बॉयलरवरच होते, आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला विचारलंत कधी? तुम्ही बाबांना विचारत होतात."

"आणि ते खुशाल नापास करत होते. आठ महिने."

बायकोने हातातली जुडी खाली ठेवली. "अहो, पहिली तोफ त्यांनी बरोबर म्हटली असती, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्या खोलीत गेला असतात का? तीस वर्षांत तुम्ही दोघं कधी एकत्र चहा प्यायला नव्हतात. आता रोज तासभर बसता. मी कशाला मध्ये पडू?"

नळवाल्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. अंगठ्याची तोफ सोडवत ते बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. रागावण्याचा हक्क तर आपल्याला पुरेपूर आहे, असं त्यांना वाटत होतं. पण राग हवा तेवढा येत नव्हता, आणि त्याचाही थोडा राग येत होता.

दुपारचा चहा झाला. नळवाले बोट न घेता, नुसता तो कागद घेऊन कप्तानांच्या खोलीत गेले. कप्तानांनी कागदाकडे पाहिलं, वरचा ठसा ओळखला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. ती ताठ पाठ पहिल्यांदाच जरा वाकलेली दिसली. नळवाल्यांनी मनात चार वाक्यं जुळवून आणली होती. चारही चांगली सणसणीत होती. तोंडातून निघालं ते भलतंच, कारण बत्तीस वर्षांची सवय.

"बाबा, वाफेचा मुख्य पाईप किती इंची होता?"

कप्तानांनी तोंड न फिरवता बोटांनी हवेत माप धरलं. मग म्हणाले, "सहा."

"वेष्टण?"

"होतं. दोरखंडासारखं गुंडाळलेलं, वरून पांढरा लेप."

"जोडावरच्या फ्लँजला बोल्ट किती?"

"आठ. डावीकडून तिसऱ्यातून कायम वाफ यायची." आणि मग ते खिडकीकडून वळले. "वरचं मला काही माहीत नाही, नळवाले. बोटीवर चढताना माणूस पायाखालची फळी बघतो आणि उतरताना घराची वाट. बोट बघायला सवड कुणाला होती?"

त्या दुपारी कप्तान दिवेलागणीपर्यंत बोलत होते. तोफेच्या नळ्या मोजताना अडखळणारा हा माणूस आता इंच, सूत आणि अर्धं सूत बोलू लागला. दोन बॉयलर, त्यांतला उजवा हट्टी. तेलाची झारी कुठल्या खिळ्याला. खाली उतरायची उभी शिडी चौदा पायऱ्यांची, आणि त्यातली सहावी सैल. नवा माणूस तिच्यावर हमखास घसरे, जुने ती गाळूनच उतरत. आणि खालच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून वरचा अधिकारी पाईपवर पान्याने तीनदा ठोकी. याचा अर्थ, खाली सगळं ठीक आहे ना? खालून दोनदा ठोकायचं. ठीक आहे. सहा वर्षं कप्तानांनी ते दोन ठोके दिले होते. वरचे तीन त्यांच्या हाती कधी आले नाहीत. नळवाले भराभर वहीत उतरवून घेत होते, मध्येच वाकाचा कोन विचारत होते, व्हॉल्व्ह गोल चाकाचा की दांडीचा ते विचारत होते. कप्तान एकदा थांबले आणि म्हणाले, हे तुम्हाला कळतं म्हणून सांगतोय, घरात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नळवाल्यांनी पूर्ण झालेली, चार हात रंगवलेली बोट गॅलरीत घेतली आणि धुराड्याभोवतीचा डेक करवतीच्या पात्याने कापायला सुरुवात केली. प्रदर्शन दोन आठवड्यांवर होतं. हौशी कारागीर मंडळाचं वार्षिक प्रदर्शन, शाळेच्या हॉलमध्ये, आणि सेक्रेटरींनी सोसायटीतर्फे प्रवेशिका भरूनही टाकली होती. करवतीचा आवाज ऐकून ते वर आले आणि दारातच उभे राहिले. डॉक्टरांना त्यांनी खाली जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण डॉक्टर संध्याकाळी सहज म्हणून आले आणि नळवाल्यांची नाडी बघून गेले.

बॉयलर झाले कप्तानांच्याच खोकल्याच्या औषधाच्या दोन बुचांचे. सहा इंची पाईप म्हणजे दीड मिलिमीटरची तांब्याची तार, तिच्यावर शिवणाचा दोरा गुंडाळून पांढरा लेप. आठ बोल्ट म्हणजे सुईच्या टोकाने दिलेले आठ ठिपके. नळवाल्यांनी आयुष्यभर पाईप कागदावर काढले होते, आणि ते जमिनीखाली गेल्यावर कोणाला दिसले नव्हते. गावात पाणी येतं तेव्हा नकाशा आठवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं, किंवा वाटत नाही असं ते समजत होते. आता भिंग डोळ्याला लावून तारेला वाक देताना त्यांच्या लक्षात आलं, की वाटत होतं.

अकराव्या दिवशी त्यांनी ट्रे कप्तानांच्या पुढे ठेवला. धुराडं आणि त्याभोवतीचा डेक झाकणासारखा उचलून बाजूला काढला. कप्तानांनी भिंग घेतलं. बराच वेळ ते नुसतं आत बघत होते. मग त्यांनी शिवणाची सुई मागितली, हात सावरून आत घातली आणि शिडीच्या पायऱ्या वरून मोजत गेले.

"सहावी घट्ट आहे," ते म्हणाले.

नळवाले ट्रे घेऊन गेले. चार मिलिमीटरची पायरी घट्ट बसवणं सोपं असतं. ती पडूही नये आणि सैलही राहावी, यासाठी त्यांना एक सकाळ आणि बायकोच्या साडीचा एक धागा लागला. दुपारी कप्तानांनी पुन्हा सुई लावली. सहावी पायरी हलली. कप्तानांनी सुई खाली ठेवली, चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि परत लावायला विसरले.

"झाकण लावा आता," ते जरा चिडूनच म्हणाले. "आमची बोट अशी उघडी कधी नसायची."

"पण मग प्रदर्शनात आतलं कुणाला दिसणार नाही, बाबा."

"नाही दिसायचं. आम्हीही कुणाला दिसत नव्हतो."

नळवाल्यांनी झाकण लावलं आणि गोंद दिला. या वेळी अंगठा शाबूत राहिला. गॅलरीत परत आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आठ महिने ज्या शब्दासाठी जिवाचं रान केलं तो शब्द येऊन गेला, आणि तोही ओरडा खाताना. आमची बोट. त्यांनी बायकोला हाक मारली, मग काय सांगावं ते न कळून पाणी मागितलं.

प्रदर्शनात बोटीपुढे सेक्रेटरींनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली होती, कप्तानसाहेबांची युद्धनौका. अर्धी इमारत आली होती. परीक्षक वाकून बघत म्हणाले, काम नीटनेटकं आहे, पण धुराड्याभोवती जोड दिसतो आहे, पूर्ण झालेला डेक नंतर कापलेला दिसतो, असं का केलंत? नळवाल्यांनी कप्तानांकडे पाहिलं नाही. माझी एक चूक राहिली होती, ती दुरुस्त केली, एवढंच ते म्हणाले. परीक्षकांनी मान हलवली आणि जोडाचे गुण कापले.

तेव्हा कप्तानांनी सेक्रेटरींच्या खिशातलं पेन मागून घेतलं. काठी टेबलाला टेकवून त्यांनी चिठ्ठीवरचं कप्तानसाहेब खोडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, स्टोकर. "मी खाली बॉयलरवर होतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आत काय आहे ते मला ठाऊक आहे आणि आमच्या जावयांना." सेक्रेटरी मात्र म्हणाले, की चिठ्ठीत बदल करायचा तर मंडळाला आधी लेखी कळवायला हवं होतं. वरच्या वहिनी आत काय आहे म्हणून जोडाला डोळा लावून बघत राहिल्या.

बक्षीस मिळालं नाही. सहभागाबद्दल एक कागद मिळाला, तो बायकोने गॅलरीत लावला. इमारत अजूनही कप्तान कप्तानच म्हणते, सवय झाली आहे. बोट दिवाणखान्यात कपाटावर आहे आणि वहिनी म्हणाल्या होत्या तशी तिच्यावर धूळ बसते.

महिन्याभराने सेक्रेटरी तक्रारवही घेऊन आले. पाण्याच्या पाईपमधून ठकठक येते, अशी वरून आणि खालून तक्रार होती, रोज दुपारी, चहाच्या सुमारास. तुम्ही खात्यातले जाणकार, तेव्हा तुमचं मत घ्यावं म्हटलं. कप्तानांची खोली आणि गॅलरी यांमधल्या भिंतीवरून तो पाईप जातो. नळवाल्यांनी सेक्रेटरींना गॅलरीत बसवलं आणि पाईपमध्ये हवा कशी अडकते, दाब कमी झाला की ती कशी सुटते, हे कागदावर आकृती काढून सविस्तर सांगायला घेतलं. सेक्रेटरी भक्तिभावाने ऐकत होते. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. तीन ठोके, सावकाश.

"हाच तो," सेक्रेटरी म्हणाले.

नळवाले बोलणं अर्धवट टाकून उठले, टेबलाखालचा पाना घेतला, पाईपवर दोनदा ठोकलं आणि पुन्हा येऊन बसले. पलीकडे काठी टेकल्याचा आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग शांत झालं. सेक्रेटरी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी पाईपकडे पाहिलं, दारातून दिसणाऱ्या कपाटावरच्या बोटीकडे पाहिलं, मग हळूच पेनाचं टोपण काढलं आणि वहीत लिहिलं, पाईपची तपासणी केली, सर्व ठीक आहे.